चरकाला वीज, चुलवाणाला चिपाड

अमेरिकेत मांस-मासळी धुरावून टिकवण्यासाठी घरगुती भट्ट्या विकत मिळतात. घेणाऱ्यापुढे पहिला प्रश्न असतो तो असा, की भट्टी विजेची घ्यावी की प्रोपेन वायूची? एकीत तार तापते, दुसरीत ज्योत जळते. चवीचा धूर मात्र दोन्हींमध्ये निराळ्या ठेवलेल्या लाकडाच्या ढलप्यांतून येतो. म्हणजे उष्णता एकाकडून घ्यायची आणि धूर दुसऱ्याकडून.

सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठाला हा प्रश्न उलटा करून विचारावा लागतो. इथेही शेतमाल टिकवण्याचे मोठे उद्योग उष्णतेवरच उभे राहिले, पण त्यांना धूर नको होता. गुळाला धुराचा वास लागला तर तो पेठेत खाली उतरतो. मग विजेसारखे निर्धूर साधन दाराशी आल्यावर गुऱ्हाळाने ते विस्तवासाठी का घेतले नाही? कराड-वाळवा भागातली गुऱ्हाळे पाहत हिंडताना हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. त्याचे उत्तर या परिसराच्या औद्योगिक इतिहासात आहे आणि थोडे साध्या गणितातही आहे.

गुऱ्हाळाची दोन अंगे असतात. ऊस पिळणारा चरक हे एक, आणि रस आटवणारे चुलवाण हे दुसरे. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतले बहुतेक बदल पहिल्या अंगात झाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडलच्या माळावर कारखाना आणला. संस्थानाधिपती पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने तिथे किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात येते. लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याच्या यंत्राबरोबर उसाचे लोखंडी चरकही या वाडीतून खेडोपाडी गेले. लोखंडी लाटांनी रस जास्त निघू लागला, पण चरकाभोवती बैल फिरतच राहिले. पुढे बैलांची जागा तेलाच्या इंजिनाने घेतली आणि इंजिनाची जागा विजेच्या मोटरने.

वीज तर याच मुलखात तयार होत होती. साताऱ्याच्या पाटण तालुक्यात कोयनेचे पाणी अडवले गेले आणि १९६२ पासून सह्याद्रीपलीकडे पोफळीच्या वीजगृहात वीज निर्माण होऊ लागली. यथावकाश खेडी उजळली, विहिरींवर पंप बसले, चरक मोटरवर फिरू लागले. चुलवाणात मात्र चिपाडच जळत राहिले. याला शेतकऱ्याचा जुनाटपणा म्हणणे सोपे आहे, पण आकडे मांडले की ते टिकत नाही.

एक हजार किलो रस घेऊ. त्यातून १८० ते २०० किलो गूळ निघतो, म्हणजे सुमारे ८०० किलो पाणी वाफ करून उडवावे लागते. रस उकळीला आणण्याची आणि पाणी उडवण्याची उष्णता मिळून हिशेब ५८० युनिटांच्या आसपास जातो, तोही कणभर उष्णता वाया न जाता. हा रस तीन तासांत आटवायचा, तर जवळजवळ २०० किलोवॉटची जोडणी हवी. त्याच गुऱ्हाळाच्या चरकाला १० अश्वशक्तीची मोटर धरली, तर ती साडेसात किलोवॉटची झाली. चुलवाण चरकापेक्षा पंचवीसपट भुकेले आहे. गावच्या रोहित्राला एवढा घास झेपणारा नव्हता, आणि शेतकऱ्याच्या खिशालाही नव्हता.

मग गॅस? घरगुती सिलिंडरमधल्या १४.२ किलो वायूत साधारण १८० युनिटांइतकी उष्णता असते. उघड्या काहिलीत निम्मी उष्णता वाया जाते असे धरले, तर हजार किलो रसाला साडेसहा सिलिंडर लागतील. प्रत्येक काहिलीमागे एवढे सिलिंडर कोण आणणार?

आता चिपाडाकडे पाहू. हजार किलो रसासाठी सुमारे १६०० किलो ऊस पिळावा लागतो आणि मागे ६०० किलो ओले चिपाड उरते. ते उन्हात वाळवले की निम्म्याने हलके होते. या ३०० किलो कोरड्या चिपाडात जवळपास १४०० युनिटांची उष्णता असते. गरज ५८० ची आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक उष्णता वाया घालवूनही ऊस स्वतःच्या रसापुरते सरपण स्वतःच आणतो. विकत घ्यायचे नाही, लांबून वाहायचे नाही.

चिपाडाचा आणखी एक गुण गुळव्याला नेमका ठाऊक असतो. भेंडीचा चिकट रस घालून मळी काढली, रस आटत आटत ११८ अंशांच्या आसपास आला, की पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी होते. त्या क्षणी काहील उतरवायची आणि गूळ वाफ्यात ओतायचा. चार मिनिटे उशीर झाला तर गूळ करपतो. लाकडाचे निखारे विझवता विझत नाहीत. चिपाड मात्र भडकते तसे लगेच बसते. आच हवी तशी वाढवण्या-उतरवण्याची जी सोय गॅसच्या बटणात असते, ती इथे जाळ घालणाऱ्याच्या हातात होती.

आणि खरी किंमतही त्यानेच मोजली. चरकाला मोटर बसल्यावर बैल सुटले. चुलवाणाच्या तोंडाशी बसून दर काही क्षणांनी मूठभर चिपाड आत सारणारा माणूस सुटला नाही. धुराड्याने धूर रसापासून दूर नेला, पण चुलवाणाच्या तोंडाशी उलटणारा धूर आणि धग त्याच्याच वाट्याला आली. विस्तवाच्या निवडीत मालाचा आणि खर्चाचा हिशेब झाला, त्याच्या छातीचा झाला नाही.

हळदीच्या बाबतीत थोडे वेगळे घडले. हळद आटवायची नसते, शिजवायची असते. पूर्वी गड्डे पाण्याच्या काहिलीत घालून वर हळदीचाच पाला झाकत. आता वाफेची यंत्रे आली आहेत. विस्तव एका जागी, गड्डे दुसऱ्या पिंपात, आणि मधल्या नळातून वाफ. जळण पुष्कळदा लाकूडफाटाच असते, पण अन्न आणि आग यांची फारकत झाली. यंत्र ट्रॅक्टरमागे जोडून थेट शेतावर नेता येते. तासगावच्या बेदाण्याने तर विस्तव पूर्ण टाळला. द्राक्षे द्रावणात बुडवून सावलीत जाळ्यांवर पसरायची आणि माळरानाच्या कोरड्या वाऱ्याला बाकीचे काम सोपवायचे. धूर मात्र तिथेही मागच्या दाराने आला. सोनेरी रंगासाठी बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, आणि ती देणाऱ्यालाही खोकला सुटतोच.

या कथेला साखर कारखान्यांनी एक वळण दिले. १९५० च्या दशकात वसंतदादा पाटलांच्या पुढाकाराने सांगलीत सहकारी कारखाना उभा राहिला. आसपास इतरही झाले आणि ऊस गुऱ्हाळाकडून कारखान्याकडे वळला. तिथेही बॉयलरमध्ये चिपाडच जळते. आता त्या वाफेवर अनेक कारखाने वीज तयार करतात आणि उरलेली विकतात. वीज की चिपाड, हा झगडा तिथे उरलाच नाही. चिपाडाचीच वीज झाली. तिथला विस्तव बंद भट्टीत असतो आणि धूर उंच धुराड्यातून जातो.

लहान गुऱ्हाळाला एवढी यंत्रणा परवडणार नाही. पण हवा नीट खेळेल अशी जाळी, उंच धुराडे, आणि मुख्य काहिलीमागे वाया जाणाऱ्या उष्णतेवर कच्चा रस तापवणारी दुसरी काहील, एवढे केले तरी चिपाड वाचते आणि धूर कमी होतो. वर काढलेला हिशेब सांगतो की यासाठी उष्णता शिल्लक आहे. चिपाडाची निवड शेतकऱ्याने शहाणपणाने केली होती. ती बदलण्याची गरज नाही. चुलवाणाचे तोंड कसे बांधायचे, हे ठरवताना त्याच्यासमोर बसणाऱ्याला विचारण्याची मात्र आहे.