चित्रपटप्रेक्षकांचे मत : स्थानिक इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन
(विशेष संदर्भ : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसर)

प्रस्तावना :

भारतीय चित्रपटाचा इतिहास आजवर प्रामुख्याने निर्माते, दिग्दर्शक, कलावंत आणि चित्रसंस्था यांच्या अंगाने लिहिला गेला. ज्याच्या तिकिटाच्या पैशावर हा व्यवसाय उभा राहिला, तो प्रेक्षक मात्र या इतिहासात संख्येच्या रूपाने येतो. अमुक चित्रपट इतके आठवडे चालला, तमुक पडला, एवढीच त्याची नोंद होते. चित्रपट पाहून बाहेर पडल्यावर तो काय बोलला, कोणाशी बोलला आणि त्या बोलण्याचा परिणाम काय झाला, याची दखल सहसा घेतली जात नाही. प्रस्तुत लेखात ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या परिसराच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

या परिसराची निवड सकारण आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी रेल्वे धावली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. तेव्हापासून या गावांचे मुंबईशी असलेले नाते रेल्वेने घडविले. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १८ लाख ४१ हजार, तर कल्याण-डोंबिवलीची सुमारे १२ लाख ४७ हजार होती. एवढ्या मोठ्या प्रेक्षकवर्गाच्या अभिरुचीचा स्वतंत्र विचार होणे आवश्यक आहे.

उद्दिष्टे व पद्धती :

१) प्रेक्षकांच्या मतप्रदर्शनाची विविध माध्यमे ऐतिहासिक क्रमाने पाहणे.
२) उपनगरी जीवनपद्धतीमुळे या मतप्रदर्शनाला आलेले वेगळे स्वरूप स्पष्ट करणे.
३) स्थानिक इतिहासाचे साधन म्हणून त्याचे मूल्य आणि मर्यादा तपासणे.

लेखाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे. चित्रपटविषयक प्रकाशित इतिहास आणि परिसराची सामाजिक वैशिष्ट्ये यांचा त्यासाठी आधार घेतला आहे.

निमंत्रितांचे मत आणि तिकीट काढणाऱ्याचे मत :

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांना दाखविण्यात आला. सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी तो ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशनमध्ये प्रदर्शित झाला. या दोन तारखांमधील फरक प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सूचक आहे. निमंत्रितांचे मत वृत्तपत्रांतून छापले जाते व टिकते. तिकीट काढून आलेल्याचे मत तोंडी राहते आणि विरून जाते. चित्रपटाचे भवितव्य मात्र बहुतेक वेळा हे दुसरे मतच ठरवते.

ब्रिटिश शासनाने १९२७ साली दिवाणबहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सिनेमॅटोग्राफ समितीने देशभर फिरून ३५३ जणांच्या साक्षी नोंदविल्या. भारतातील चित्रपटविषयक मतांचा हा पहिला मोठा दस्तऐवज होय. तथापि साक्ष देणारे बहुतांशी व्यवसायातील, शासनातील वा सार्वजनिक जीवनातील होते. सामान्य प्रेक्षक कसा आहे व त्याला काय रुचते, हे त्याच्या वतीने इतरांनीच सांगितले. प्रेक्षकाच्या वतीने दुसऱ्याने बोलण्याची ही प्रथा पुढेही कायम राहिली.

नियतकालिकांतील वाचक-प्रेक्षक :

प्रेक्षकाला स्वतःच्या नावाने बोलण्याची पहिली संधी चित्रपटविषयक नियतकालिकांनी दिली. या संदर्भात बाबूराव पटेल यांचे नाव महत्त्वाचे आहे. त्यांचा जन्म तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील (२०१४ पासून पालघर जिल्हा) मासवण या गावी झाला. १९३५ साली सुरू झालेल्या त्यांच्या 'फिल्मइंडिया' या इंग्रजी मासिकातील प्रश्नोत्तरांचे सदर देशभर वाचले जाई. वाचक प्रश्न विचारीत, संपादक तिखट उत्तरे देत. या सदरात वाचकाला स्थान होते, परंतु शेवटचा शब्द संपादकाचाच असे. शिवाय इंग्रजी न येणारा वाचक त्यापासून दूरच राहिला.

मराठीत ही उणीव 'रसरंग'सारख्या साप्ताहिकांनी भरून काढली. इसाक मुजावर यांच्यासारख्या लेखक-संपादकांनी चित्रपटावरील लेखन सामान्य मराठी वाचकाच्या भाषेत आणले. ही नियतकालिके मध्यमवर्गीय वस्तीत सार्वजनिक वाचनालयांच्या द्वारे पोहोचत. या परिसरात वाचनालयांची परंपरा जुनी आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. चित्रपट नियतकालिकांना वाङ्मयीन प्रतिष्ठा नसल्याने त्यांचे जुने अंक जपण्याकडे मात्र सर्वत्रच कमी लक्ष दिले गेले. परिणामी, छापलेले वाचकांचे मतही आज सहज उपलब्ध होत नाही.

चित्रपट मंडळांची चळवळ आणि उपनगर :

पाहिलेल्या चित्रपटावर एकत्र बसून चर्चा करण्याला संस्थात्मक रूप फिल्म सोसायटी चळवळीने दिले. १९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आदींनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. १९५२ साली मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला. १९५९ मध्ये फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया ही शिखर संस्था स्थापन होऊन सत्यजित राय तिचे पहिले अध्यक्ष झाले. मुंबईतील 'प्रभात चित्र मंडळ' १९६८ साली सुरू झाले. सुधीर नांदगावकर हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. मंडळाच्या 'वास्तव रूपवाणी' या नियतकालिकाने चित्रपटावर गंभीरपणे मराठीत लिहिण्याचे एक व्यासपीठ निर्माण केले.

या चळवळीचे योगदान निर्विवाद आहे. आवडले किंवा आवडले नाही यापलीकडे जाऊन का आवडले, हे सांगण्याची सवय तिने लावली. दृश्य, संकलन, ध्वनी यांविषयी बोलण्यासाठी लागणारी मराठी परिभाषा तिच्यामुळे रुळली. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना १९६४) आणि फिल्म इन्स्टिट्यूट यांच्या विद्यमाने होणाऱ्या रसास्वाद अभ्यासक्रमांनी, तसेच सतीश बहादूर यांच्यासारख्या अध्यापकांनी त्याला शास्त्रशुद्ध बैठक दिली.

परंतु उपनगरी प्रेक्षकाच्या दृष्टीने या चळवळीला एक भौगोलिक मर्यादा होती. तिची मुख्य केंद्रे मुंबई शहरात होती. बोरीबंदरपासून डोंबिवली सुमारे ४८ आणि कल्याण सुमारे ५३ किलोमीटर अंतरावर. कार्यालय सुटल्यावर मुंबईतच थांबून सायंकाळचा खेळ पाहता येई. मात्र खेळानंतरची चर्चा रंगात येते, तेव्हाच कल्याणच्या सभासदाला गाडीची वेळ गाठायची असते. चित्रपट पाहणे त्याला शक्य होते, चर्चेत शेवटपर्यंत थांबणे अवघड होते. त्याच्या मताला अन्य जागा शोधावी लागली, आणि ती त्याच्या दिनक्रमातच उपलब्ध होती.

लोकल गाडीतील चर्चा :

उपनगरी रेल्वेतील प्रवाशांचे 'ग्रुप' ही या परिसराची खास सामाजिक रचना आहे. रोजची ठरलेली गाडी, ठरलेला डबा आणि बहुधा ठरलेली जागा. भजन, पत्ते, वाढदिवस, दसऱ्याला डब्याची पूजा ही या गटांची परिचित अंगे होत. पाहिलेल्या चित्रपटावरील चर्चा हे त्यांचे तितकेच नित्याचे, पण कमी नोंदले गेलेले अंग आहे. १९९२ पासून धावू लागलेल्या महिला विशेष गाड्यांमुळे आणि त्यापूर्वीपासूनच्या महिलांच्या डब्यांमुळे नोकरदार स्त्रियांनाही अशी स्वतंत्र जागा मिळाली. अलका कुबल यांची प्रमुख भूमिका असलेल्या 'माहेरची साडी' (१९९१) या चित्रपटाला समीक्षकांनी फारसे महत्त्व दिले नाही, तरी स्त्रियांनी तो विलक्षण लोकप्रिय केला. असे यश केवळ जाहिरातीने मिळत नाही. एका बाईने दुसरीला 'बघून ये' म्हणण्यातून ते उभे राहते.

गाडीतील या मताचे एक वैशिष्ट्य विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. ते मत उत्तरदायी असते. वृत्तपत्रातील समीक्षकाची वाचकाशी गाठ पडत नाही. गाडीतील सहप्रवाशाची मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच डब्यात गाठ पडते. त्याच्या शिफारशीवरून कोणी कुटुंबासह चित्रपटाला गेला आणि पैसे वाया गेले, तर त्याला जाब द्यावा लागतो. कोणाच्या मतावर किती विसंबायचे, हे गट अनुभवाने ठरवीत जातो. 'ह्याला रडका सिनेमा आवडतो', 'त्याला मारामारीशिवाय काही चालत नाही', असे प्रत्येकाचे माप सर्वांना ठाऊक असते. मर्यादित पगारात महिन्यातून एखादाच चित्रपट पाहणाऱ्या कुटुंबासाठी अशी पारखलेली शिफारस हा आर्थिक निर्णयाचा आधार होता.

तोंडी मताच्या सामर्थ्याची उदाहरणे चित्रपटाच्या इतिहासात अनेक आहेत. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या 'शोले'चे सुरुवातीचे स्वागत थंड होते. प्रेक्षकांनीच एकमेकांना सांगून तो उचलून धरला आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षे टिकला. दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'पासून (१९७१) पुढच्या चित्रपटांनी रौप्यमहोत्सवांचा विक्रम केला. सुशिक्षितांच्या नापसंतीचा त्यावर परिणाम झाला नाही. वागळे इस्टेट वा डोंबिवली औद्योगिक वसाहतीतील कामगार आणि कचेरीत जाणारा कारकून यांची अभिरुची एक नव्हती, याचेही भान येथे ठेवले पाहिजे.

चित्रपटगृहे, दूरदर्शन आणि बदलते संदर्भ :

ठाण्यातील वंदना, गणेश, मल्हार, डोंबिवलीतील टिळक, गोपी, मधुबन आणि कल्याणमधील पौर्णिमा, भानुसागर ही नावे या परिसरातील जुन्या प्रेक्षकांच्या स्मरणात आहेत. मध्यंतर आणि खेळ सुटण्याची वेळ ही त्या त्या भागातील सार्वजनिक चर्चेची वेळ असे. पहिला खेळ पाहून बाहेर येणारे आणि दुसऱ्या खेळासाठी रांगेत उभे असलेले समोरासमोर येत. आत जाणाऱ्याने बाहेर येणाऱ्याला 'कसा आहे?' असे विचारणे हा तर मतप्रदर्शनाचा सर्वांत संक्षिप्त प्रकार होय. चित्रपटगृहाचे नाव परिसराच्या भूगोलातही मुरते. ठाण्यातील 'वंदना' किंवा कल्याणमधील 'पौर्णिमा' हे शब्द चित्रपट न पाहणाऱ्यालाही बसथांब्याच्या वा चौकाच्या रूपाने परिचित झाले.

१९७२ साली मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. घरी संच असलेल्या कुटुंबाकडे शेजारी जमत आणि आठवड्याचा चित्रपट सर्वजण एकाच वेळी पाहत. त्यामुळे सोमवारच्या गाडीत चर्चेला समान विषय मिळू लागला. हा समान अनुभव पुढे चित्रफिती, अनेक वाहिन्या आणि बहुपडदा चित्रपटगृहे यांच्या काळात विभागला गेला. २००१ पासून महाराष्ट्र शासनाने बहुपडदा चित्रपटगृहांना करसवलती दिल्या. त्यानंतर एकपडदा चित्रपटगृहांची पीछेहाट वेगाने झाली. तिकिटाचे दर वाढले, प्रेक्षकवर्ग आर्थिक स्तरांनुसार वेगळा झाला. आता चित्रपट घरी, भ्रमणध्वनीवर, प्रत्येकाच्या सोयीने पाहिला जातो. एकाच डब्यातील दहा जणांनी एकच चित्रपट पाहिलेला असण्याची शक्यता त्यामुळे कमी झाली आहे.

'डोंबिवली फास्ट' : विषय झालेला प्रेक्षक

निशिकांत कामत दिग्दर्शित 'डोंबिवली फास्ट' (२००५) हा या संदर्भात स्वतंत्र विचार करण्याजोगा चित्रपट आहे. त्याचा नायक माधव आपटे (संदीप कुलकर्णी) हा रोज लोकलने मुंबईला जाणारा बँक कर्मचारी. दैनंदिन भ्रष्टाचार व अन्यायाने त्याचा संयम सुटतो आणि तो हिंसेकडे वळतो. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि २००७ साली त्याची तमिळ आवृत्तीही निघाली.

समीक्षकांनी या चित्रपटाची तुलना 'फॉलिंग डाउन' (१९९३) या अमेरिकन चित्रपटाशी केली. डोंबिवलीच्या प्रेक्षकापुढील प्रश्न मात्र निराळा होता. पडद्यावरचा माणूस त्याच्याच फलाटावर उभा होता. असा माणूस खरोखर बॅट उचलील काय, की तो निमूटपणे गाडी पकडील? या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार त्या गाडीतील प्रवाशाइतका अन्य कोणाला नाही. चित्रपट आणि वास्तव यांच्या संबंधाविषयीची अशी साक्ष इतिहासकाराने मिळवली, तर ती कोणत्याही परीक्षणापेक्षा मोलाची ठरेल.

साधन म्हणून मूल्य व मर्यादा :

प्रेक्षकांच्या आठवणींचा साधन म्हणून वापर करताना सावधगिरी आवश्यक आहे. स्मरण निवडक असते. तारुण्यात पाहिलेला चित्रपट नंतरच्या काळात अधिक चांगला वाटू लागतो. पुढे गाजलेला चित्रपट आपल्याला पहिल्याच दिवशी आवडला होता, असे सांगण्याचा मोह होतो. गटात मोठ्या आवाजात बोलणाऱ्याचे मत सर्वांचे म्हणून लक्षात राहते. या परिसरातील आगरी-कोळी, सिंधी, गुजराती, दाक्षिणात्य व उत्तर भारतीय रहिवासी यांचे मत मराठी मध्यमवर्गाच्या कथनात हरवण्याचा धोका आहे. म्हणून अशा मुलाखती वृत्तपत्रांतील खेळांच्या जाहिराती, जपून ठेवलेली तिकिटे, रोजनिश्या आणि खाजगी पत्रे यांच्याशी ताडून पाहिल्या पाहिजेत.

निष्कर्ष :

१) चित्रपटाविषयीचे छापील मत आणि प्रेक्षकांचे तोंडी मत यांत सातत्याने अंतर राहिले असून चित्रपटाच्या यशापयशात दुसऱ्याचा वाटा मोठा आहे.
२) चित्रपट मंडळांच्या चळवळीने मतप्रदर्शनाला शिस्त व परिभाषा दिली. तथापि तिची केंद्रे शहरात असल्याने उपनगरी प्रेक्षकाचा तिच्यातील सहभाग मर्यादित राहिला.
३) ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात लोकल गाडीतील गट हे मतप्रदर्शनाचे प्रभावी माध्यम ठरले. रोजच्या संबंधांमुळे ते मत उत्तरदायी होते.
४) एकपडदा चित्रपटगृहांचा ऱ्हास व समान अनुभवाचे विभाजन यांमुळे हे माध्यम क्षीण होत आहे.

'शोले' पहिल्यांदा पाहिला तेव्हा जे पंचवीस वर्षांचे होते, त्यांनी आता सत्तरी ओलांडली आहे. त्यांच्या साक्षी नोंदविण्यास फार काळ उरलेला नाही. हे काम खर्चिक नाही. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, मराठी व समाजशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून आपापल्या घरातील व शेजारातील ज्येष्ठांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, त्या तारीखवार लावाव्यात आणि ग्रंथालयात उपलब्ध ठेवाव्यात. सार्वजनिक वाचनालयांनीही चित्रपट नियतकालिकांचे उरलेले अंक रद्दीत काढण्यापूर्वी महाविद्यालयांना कळवावे. रंगाचारियार समितीने प्रेक्षकाविषयी इतरांना विचारले होते. तोच प्रश्न आता प्रत्यक्ष प्रेक्षकाला विचारणे ही स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांची जबाबदारी आहे.