डिस्कबरोबर आणखी काय काय बंद पडतं?

मागच्या वेळी आपण व्हर्च्युअल मशीनचा जन्म पाहिला. तेव्हा एका श्रोत्याने विचारलं होतं, "मशीन आभासी, हे कळलं. पण त्याचा डेटा तर खऱ्या डिस्कवरच असतो ना? मग तो अनेक डिस्कांवर वाटायचा कसा?" प्रश्न व्यवहारातला आहे, पण इतिहासातून गेल्याशिवाय त्याचं उत्तर नीट उमगत नाही, असा आमचा अनुभव आहे.

सुरुवातीला अडचण नेमकी उलटी होती. १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० जाहीर केलं, तेव्हा डिस्क महाग आणि मोजक्या, वापरणारे मात्र पुष्कळ. म्हणून एका डिस्कचे भाग पाडून प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला एकेक 'मिनिडिस्क' दिली जाई. वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखंच म्हणा ना! खोल्या ज्याच्या त्याच्या, छप्पर सगळ्यांचं एक. छप्पर गळलं की सगळ्यांच्याच घरात पाणी.

मग आलं १९८८. बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी 'रेड'वरचा निबंध शिकागोच्या परिषदेत मांडला. एका अवाढव्य डिस्कऐवजी पर्सनल कॉम्प्युटरच्या स्वस्त, छोट्या डिस्कांची रांग लावा, हे त्यांचं म्हणणं. निबंधातला आम्हाला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे त्यातला भागाकार. १०० मेगाबाइटच्या छोट्या डिस्कचं सरासरी आयुष्य ३०,००० तास, म्हणजे तीन वर्षांहून अधिक. पण अशा १०० डिस्का एकत्र जोडल्या, तर त्यांतली एखादी बंद पडायला सरासरी ३०० तास पुरतात. पंधरवडासुद्धा नाही! आपल्याच सूचनेतली खोट त्यांनी अशी आधी उघडी करून दाखवली आणि मग उपाय सांगितला.

उपाय हिशेबाच्या वहीतला आहे. तीन डिस्कांवर ७, ४ आणि ९ लिहा. चौथीवर त्यांची बेरीज २०. ४ असलेली डिस्क गेली, तर २० मधून ७ आणि ९ वजा करा, गेलेला आकडा हजर. प्रत्यक्षात बेरीज नसते, बिटांची 'पॅरिटी' असते, पण युक्ती तीच. (जाता जाता: रेडमधला 'आय' मुळात 'इनएक्स्पेन्सिव्ह'चा, म्हणजे स्वस्तचा. पुढे तो 'इंडिपेंडंट'चा झाला. या पेट्या ज्या भावाने विकल्या गेल्या, तो पाहता बदल प्रामाणिकच म्हणायचा.)

१९९८ मध्ये हाइन्झ माउएल्सहागेन यांनी लिनक्ससाठी एलव्हीएम लिहिलं. अनेक डिस्का एका गटात घालायच्या आणि त्या गटातून हव्या त्या मापाचा व्हॉल्यूम कापून घ्यायचा. सोय मोठी, पण ती सुरक्षितता नव्हे. पॅरिटी किंवा आरसा न लावता दोन डिस्कांवर पसरलेला व्हॉल्यूम त्यांतली एक गेली तरी जातो. इथे आजही भले भले फसतात.

२००३ मध्ये व्हीएमवेअरने व्हीमोशन आणलं. चालतं व्हर्च्युअल मशीन, बंद न करता, एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर! त्यासाठी तेव्हा डिस्क दोन्ही सर्व्हरांना दिसायला हवी असे, म्हणून सगळ्यांच्या मध्ये एक सामायिक, महागडं स्टोरेज कपाट आलं. पुन्हा वाड्याचं छप्पर.

ते काढायचा एक मार्ग सांता क्रूझला सेज वाइल यांच्या संशोधनातून निघाला. २००६ मध्ये 'सेफ'वरचा निबंध आला. प्रत्येक सर्व्हरने आपल्या डिस्का द्यायच्या आणि 'क्रश' नावाच्या गणिताने ठरवायचं, की कुठला तुकडा कुठे राहील. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कचे साधारणपणे ४ मेगाबाइटचे तुकडे होतात आणि प्रत्येकाच्या सहसा तीन प्रती ठेवतात. क्रशला आपण एकच महत्त्वाची गोष्ट सांगायची: प्रती कशाकशावर वेगळ्या हव्यात? डिस्कवर, सर्व्हरवर, की रॅकवर?

तिथेच आम्ही चुकलो. आम्ही एका जुन्या सर्व्हरपासून सुरुवात केली. सर्व्हर एकच, म्हणून नियम लिहिला, 'प्रती वेगळ्या डिस्कवर'. पुढे आणखी दोन सर्व्हर जोडले, प्रत्येकात चार डिस्का. नियम मात्र तोच राहिला. पडद्यावर सगळं हिरवं. एके दिवशी एका सर्व्हरचा पॉवर सप्लाय जळला. एकही डिस्क बिघडली नव्हती, तरी सगळी व्हर्च्युअल मशीनं गोठली.

नंतर कागदावर मांडून पाहिलं. १२ डिस्कांतून तीन निवडायच्या २२० रीती. त्यांतल्या ५२ रीतींत दोन किंवा तीनही प्रती त्या एकाच सर्व्हरमध्ये पडतात. दोन प्रती हाती असल्याशिवाय सेफने काम थांबवायचं, असं आम्हीच सांगितलेलं. म्हणजे जवळजवळ पाव तुकडे अडले. आणि प्रत्येक मशीनचे तुकडे सगळीकडे विखुरलेले, त्यामुळे एकही सुटलं नाही. बर्कलीवाल्यांनी सोडवलेला प्रश्न डिस्कचा होता. आमच्याकडे डिस्कांचा सोबती, वीजपुरवठा, गेला होता.

पॉवर सप्लाय बदलल्यावर डेटा जसाच्या तसा परत आला. आम्ही नियम 'डिस्क'वरून 'सर्व्हर'वर नेला. मग प्रती रात्रभर इकडून तिकडे सरकत होत्या. मंगळवारी दुपारी, सगळ्यांना आधी कळवून, आम्ही मुद्दाम एका सर्व्हरची वायर उपटली. त्याच्यावरची मशीनं दोनेक मिनिटांत शेजारच्या सर्व्हरांवर उठली, बाकीची चालूच होती. दुसरी वायर उपटायची हिंमत मात्र कुणी केली नाही.