सालाझारची राजवट, गोवा आणि जगाचा दबाव

गोव्याच्या मुक्तिसंग्रामाचा इतिहास सांगताना सत्याग्रह, सशस्त्र उठाव आणि १९६१ ची लष्करी कारवाई यांचा उल्लेख अगत्याने होतो. लिस्बनच्या सत्तेवर जागतिक व्यासपीठांवरून जो दबाव आला, त्याची हकीकत मात्र बहुधा एक-दोन वाक्यांत आटोपते. हा दबाव कोठवर पोचला, कोठे अडला आणि कोणाच्या बळावर टिकला, हे पाहणे उद्बोधक आहे.

पोर्तुगालमध्ये १९२६ साली लष्करी उठाव झाला आणि १९३३ च्या राज्यघटनेने सालाझारची एकतंत्री राजवट कायम केली. त्याआधीच, १९३० च्या वसाहत कायद्याने वसाहतींतील प्रजेचे स्थान दुय्यम ठरवले होते. गोव्यात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक मजकुराची पूर्वतपासणी होई; लग्नाच्या निमंत्रणपत्रिकाही तिच्यातून सुटत नसत. सभाबंदी तर होतीच. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावला ही बंदी मोडली ती नागरी स्वातंत्र्याच्या मागणीसाठी. त्या चळवळीत त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना आठ वर्षांची शिक्षा झाली आणि डॉ. राम हेगडे, पुरुषोत्तम काकोडकर प्रभृतींसह त्यांची रवानगी पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात झाली. भाषण, सभा आणि मुद्रण यांची मागणी करणाऱ्यास समुद्रापार तुरुंग मिळतो, हे यावरून उघड झाले.

तथापि जगाने जाब विचारण्यापूर्वीच सालाझारने उत्तराची तजवीज केली होती. १९५१ मध्ये घटनेत दुरुस्ती करून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव देण्यात आले. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाला. आपल्या ताब्यात स्वयंशासन नसलेले प्रदेश आहेत काय, अशी रीतसर पृच्छा पुढील वर्षी झाली, तेव्हा असा एकही प्रदेश नाही, असे उत्तर लिस्बनने दिले. प्रांत हे देशाचेच अंग, मग त्यांचा हिशेब परक्यांना का द्यावा, असा हा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद मोडण्यास पाच वर्षे लागली. १५ डिसेंबर १९६० रोजी आमसभेने पोर्तुगालच्या ताब्यातील प्रदेशांची यादीच ठरावात घातली. अंगोला, मोझांबिक, मकाव, तिमोर यांच्यासह गोव्याचे नाव तीत होते. ठरावाच्या बाजूने ६८, विरुद्ध ६ मते पडली. यापुढे ‘प्रांत’ हा शब्द लिस्बनच्या कागदोपत्री राहिला. जगाने तो नाकारला होता.

परंतु ठरावाने तुरुंगाचे दार उघडत नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सरहद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसहून अधिक जण प्राणास मुकले. तरीही त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज मंत्र्यासह काढलेल्या संयुक्त पत्रकात पूर्वेकडील पोर्तुगीज ‘प्रांतां’चा उल्लेख केला. कारण उघड होते. पोर्तुगाल हा ‘नाटो’चा संस्थापक सदस्य, आणि अझोरेस बेटांवरील विमानतळ अमेरिकेला हवा होता. शिवाय जागतिक संस्थांची वाट सालाझारलाही मोकळी होती. दादरा व नगर हवेली १९५४ मध्ये हातची गेल्यावर त्याने हेगच्या न्यायालयात भारतावर दावा लावला. एप्रिल १९६० च्या निकालाने नागरिक, मुलकी अधिकारी व माल यांच्या वाटेचा हक्क मान्य केला, सैन्य व शस्त्रे यांचा नाकारला, आणि भारताने कर्तव्यभंग केला नाही असेही म्हटले. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले, तेव्हा सुरक्षा समितीत युद्धबंदीच्या ठरावाला सात मते मिळाली. तो अडला तो सोव्हिएत नकाराधिकारामुळे. वर्षापूर्वी पोर्तुगालला जाब विचारणाऱ्या जगातील काही राष्ट्रे आता भारताला जाब विचारत होती.

तरीही दबाव व्यर्थ होता असे म्हणता येणार नाही. त्याची खरी परीक्षा गोवा मुक्त झाल्यानंतर झाली. आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले होते. २६ वर्षांची शिक्षा भोगण्यासाठी त्यांना पोर्तुगालला नेण्यात आले. तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज युद्धकैदी १९६२ मध्ये मायदेशी परतले. रानडे मात्र लिस्बननजीकच्या काशियाशच्या किल्ल्यातच राहिले. ज्या भूमीसाठी शिक्षा झाली ती स्वतंत्र, आणि कैदी बंदिवान, अशी ही विपरीत स्थिती होती. सुधीर फडके यांनी त्यांच्या सुटकेसाठी अथक खटपट केली. मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांची भेट घेऊन हाच विषय मांडला. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. मोठ्या राष्ट्रांचे हितसंबंध जेथे आड येत होते, तेथे एका संगीतकाराचा आग्रह आणि एका द्रविड नेत्याचा शब्द कामी आला.

एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालची हुकूमशाही कोसळली. ती मुख्यतः आफ्रिकेतील प्रदीर्घ युद्धांनी थकलेल्या तिच्याच सैनिकांनी उलथवली. त्याच वर्षाअखेरच्या करारान्वये पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. बाहेरच्या दबावाने ही राजवट पडली नाही; परंतु तिची भाषा खोटी ठरली आणि तिच्या कैद्यांची नावे विस्मृतीत गेली नाहीत. पत्रिकाही तपासून छापू देणाऱ्या सत्तेच्या काळात कोणी नोंदी ठेवल्या, पत्रके सरहद्दीपार नेली, नावे लिहून काढली, म्हणूनच जगापुढे मांडण्यास काही हाती होते. जपून ठेवलेल्या कागदाचे मोल किती, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला विरळा.