शाहू महाराजांपाठोपाठ बाख

भोरच्या शाळेत इतिहास शिकवण्यात माझी नोकरी सरली. त्यामुळे कुठलीही सनावळी समोर आली की मी ती आधी आपल्या मुलखावर बेतून बघतो. पाश्चात्त्य अभिजात संगीताचे कालखंड माझ्या डोक्यात बसले ते असेच. पुस्तकं सांगतात, बरोक १६०० ते १७५०, मग क्लासिकल, १८२०च्या आसपास रोमँटिक, आणि १९००नंतर आधुनिक. हे कोण लक्षात ठेवणार? पण छत्रपती शाहू साताऱ्यात वारले १५ डिसेंबर १७४९ला आणि बाख लाइपझिगमध्ये गेला २८ जुलै १७५०ला, हे एकदा जुळलं की बरोकचा शेवट विसरायची सोय राहत नाही.

आरंभाचंही तसंच. मॉन्तेव्हर्दीचा ‘ऑर्फेओ’ हा ऑपेरा मांतुआत झाला १६०७ साली. शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून तेवीस वर्षं होती. म्हणजे राजगड राजधानी झाला, आग्र्याहून महाराज तिथे परतले, हे सगळं बरोकमध्येच घडलं. १७०४मध्ये औरंगजेबाने आधी राजगड आणि मग तोरणा घेतला, तेव्हा बाख आर्नश्टाटच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला नुकताच लागला होता. त्या धामधुमीत हे किल्ले राखायला धडपडणारे शंकराजी नारायण सचिव १७०७ साली गेले. भोरचं संस्थान त्यांच्याच वंशाचं.

माझी सासुरवाडी वेल्ह्याची, तोरण्याच्या पायथ्याची. संध्याकाळी मी बाख लावला की सौ. म्हणते, ‘मास्तरांचं चर्च भरलं.’ तिला तरी काय दोष द्यायचा? आपला कान एका सुरावटीमागे जायला शिकलेला, आणि इथे तीच सुरावट चार आवाजांत एकामागून एक शिरते. कुणाच्या मागे जावं? मी सांगतो, कुणाच्याच नाही. खाली खर्जाकडे कान द्यायचा. तिथे चेलो आणि हार्प्सिकॉर्ड एका चालीने, न थांबता चाललेले असतात. तेच बरोकचं जोतं. हार्प्सिकॉर्डची तार पिसाच्या टोकाने छेडली जाते. पट्टी जोरात दाबा नाहीतर हलकेच, आवाज जवळपास तेवढाच. म्हणून त्या संगीतात आवाज सहसा हळूहळू चढत नाही; एकदम मोठा होतो, एकदम लहान.

पियानोत तारेवर हातोडी पडते, बोटाच्या जोराप्रमाणे आवाज वाढतो. तो घरोघर पोचला तो क्लासिकल काळात. पानिपत झालं त्याच १७६१ साली हायडन एस्टरहाझी घराण्याकडे चाकरीला लागला आणि वर्दी घालून दरबारासाठी संगीत लिहू लागला. आता जाळं सुटतं. वर एकच सुरावट, खाली साधी साथ, वाक्यं आखूड, एकाने विचारल्यासारखं आणि दुसऱ्याने उत्तर दिल्यासारखं. नमुना हवा तर मोझार्टची चाळिसावी सिम्फनी, १७८८ची. ऐकली नाही असं म्हणू नका. ‘छाया’ या १९६१च्या चित्रपटातलं तलत-लताचं गाणं सलील चौधरींनी तिच्यावरच बेतलंय. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ही विद्या आली ती बरीचशी गोव्यातून. तिथल्या चर्चच्या शाळांत पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस गोव्याचेच.

नाना फडणवीस १३ मार्च १८००ला वारले. २ एप्रिलला व्हिएन्नात बेथोव्हेनची पहिली सिम्फनी वाजली. बेथोव्हेनला कुठल्या खान्यात टाकायचा यावर जाणकार भांडतात. मी तो उंबरठ्यावरच ठेवतो. त्याच्यानंतर ऑर्केस्ट्रा फुगतो, पितळी वाद्यं अंगावर येतात, लय ओढली जाते, सैल सोडली जाते. वाग्नर तर समेवर यायचं इतकं लांबवतो की आपला जीव वर राहतो. त्याचा ‘पार्सिफाल’ १८८२च्या जुलैत बायरॉइटला झाला आणि नोव्हेंबरात पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘सौभद्र’. एक पाच तासांच्या घरात जाणारं, दुसरं रात्रभर रंगणारं. प्रेक्षकांची बैठक दोन्हीकडे सारखीच पक्की असणार.

आधुनिक काळाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो मला फारसा पचलेला नाही. षड्ज सापडेनासा झाला, आघात नको तिथे पडू लागले की १९००च्या पुढे आलात असं समजा. स्ट्रॅव्हिन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’वरून पॅरिसच्या नाट्यगृहात गोंधळ झाला तो मे १९१३मध्ये. जुलैत इकडे गंधर्व नाटक मंडळी निघाली.

अर्थात या तारखा कुंपणासारख्या वापरल्या की फसगत होते. रिचर्ड स्ट्राउसची ‘चार अखेरची गीतं’ ऐका. स्त्रीचा आवाज, मागे भरगच्च ऑर्केस्ट्रा, लांबवलेले सूर; कान छातीठोकपणे रोमँटिक म्हणेल, आणि ते बरोबरच. पण ती लिहिली १९४८ साली, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. स्ट्रॅव्हिन्स्कीचा गोंधळ होऊन पस्तीस वर्षं उलटली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये भोर संस्थान विलीन झालं. तोवर आमचे राजे पंतसचिव हेच पद लावत होते. ते शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतलं, म्हणजे ऐन बरोकमधलं.