कलाभवनाच्या गावात : आपली मुले आणि तांत्रिक शिक्षण

बडोद्याला धंदेशिक्षण नवे नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९० साली कलाभवन काढले, तेव्हा प्रा. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख झाले. रंगाई, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला असे विषय तेथे होते आणि शिकवणे गुजरातीतून होते. इंग्रजी येत नाही म्हणून कारागिराचा मुलगा बाहेर राहू नये, हा त्यामागचा विचार होता. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याच्या कितीतरी आधी इथे शिकून गेले. पुढे १९०७ मध्ये गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी अलेम्बिक हा रसायनांचा कारखाना उभा केला. (मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला फासलेले डांबर काढून देणारे रसायनतज्ज्ञ ते हेच गज्जर.) कलाभवनाचे रूपांतर १९४९ नंतर महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत झाले.

असे असूनही याच शहरातली आपली कित्येक मुले दहावीच्या आसपास शाळा सोडतात आणि मकरपुऱ्याच्या किंवा सावलीच्या एखाद्या कारखान्यात कंत्राटदाराकडे हेल्पर म्हणून लागतात. घरी लगेच पैसे येतात, म्हणून आईवडिलांना दोष देता येत नाही. पण हेल्पर म्हणून पाच वर्षे काढलेल्या मुलाच्या हाती कागद म्हणाल तर काहीच नसतो. यंत्र चालवायला तो शिकलेला असतो, पण कंत्राट बदलले की पुन्हा हेल्पर. आमच्या मते मदतीची खरी जागा इथे आहे. वार्षिक समारंभात गुणवंतांना बक्षिसे देणे चांगलेच, पण ती मुले कशीही पुढे जाणार असतात.

पैशाची मदत पुरते असेही नाही, आणि याचा सर्वांत कडू दाखला बडोद्यातलाच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. कराराप्रमाणे नोकरी करायला १९१७ मध्ये ते परत आले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढले. कामाठी बागेतली संकल्पभूमी ही त्याची खूण. शिष्यवृत्ती दिली पण खोली दिली नाही, तर शिकलेला माणूस गावात टिकत नाही. आजही तालुक्याच्या गावाहून आलेल्या मुलाला आडनाव विचारून भाड्याची खोली नाकारली जाते, हे आपल्याला ठाऊक आहे. मंडळातल्या ज्या घरांत एखादी खोली रिकामी आहे, त्यांनी या ओळी दोनदा वाचाव्यात.

आता वाटेविषयी. सरकारी आयटीआयमध्ये फी फारच कमी असते. फिटर, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे ट्रेड असून त्यांना दहावी उत्तीर्ण असावे लागते. वेल्डर एक वर्षाचा आणि वायरमन दोन वर्षांचा, आणि या दोन्हींना आठवी उत्तीर्ण चालतो. म्हणजे दहावीत नापास झालेल्या मुलाला दार बंद नाही. आठवीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करून भाषेची परीक्षा दिली, तर दहावीशी समकक्षताही मिळवता येते. हे घरोघरी सांगावे लागते, कारण नापासाचा निकाल लागला की पहिल्या आठवड्यातच कंत्राटदार दारात येतो.

मुलगा फी न भरल्यामुळे क्वचितच अडतो. अडतो तो ड्रॉइंगला आणि मापाला. व्हर्निअर कॅलिपरवर ०.०२ मिलिमीटरपर्यंत आणि मायक्रोमीटरवर ०.०१ मिलिमीटरपर्यंत वाचायचे असते. दशांश अपूर्णांक पाचवी-सहावीत कच्चे राहिलेल्या मुलाला हे पहिल्या महिन्यातच नडते, आणि त्याला वाटते की आपले डोके यासाठी नाही. वस्तूचा समोरून, वरून आणि बाजूने दिसणारा आकार कागदावर वाचणे हेही तसेच. आपल्यात निवृत्त ड्राफ्ट्समन, टूलरूममध्ये आयुष्य घालवलेले काका, गणिताच्या शिक्षिका आहेत. प्रवेशाआधीचे सहा रविवार त्यांनी दिले तरी पुरेत. साबणाची वडी चाकूने कापून तिचे तीन बाजूंचे आकार काढायला लावले की ड्रॉइंग निम्मे समजते. यासाठी प्रोजेक्टर लागत नाही. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला गुजरातीतले तांत्रिक शब्दही याच काळात कानावरून घालवावेत.

कागदपत्रांपैकी एक गोष्ट आपल्यासारख्या स्थायिक समाजाला विशेष नडते. महाराष्ट्रात काढलेला जातीचा दाखला गुजरात राज्याच्या आरक्षणाला चालत नाही, जात दोन्ही राज्यांच्या यादीत असली तरी. अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० रोजी कुटुंब कुठे राहत होते हे पाहिले जाते. आजोबा-पणजोबा गायकवाडी काळापासून इथे असतील, तर त्या काळचा शाळा सोडल्याचा दाखला, घरपट्टीची पावती किंवा नोकरीचा कागद शोधून ठेवावा. प्रवेशाच्या आठवड्यात हे सापडत नाही. त्यासाठी दिवाळीच्या साफसफाईतच पेटी उघडावी.

आयटीआय झाल्यावरची पायरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित : अ‍ॅप्रेंटिसशिप. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांनी आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अ‍ॅप्रेंटिस घेणे बंधनकारक आहे. या संख्येत कंत्राटी माणसेही धरली जातात. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्याला महिना किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरवले होते. हेल्परची मजुरी कधीकधी याहून जास्त असते, आणि म्हणूनच मुले अ‍ॅप्रेंटिसशिप नाकारतात. घरात हिशेब करताना एकच लक्षात ठेवावे की अ‍ॅप्रेंटिसला शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते आणि ते देशात कुठेही दाखवता येते. फरक हजार-दोन हजारांचा असेल आणि तेवढ्यासाठी मुलगा गळणार असेल, तर ती रक्कम वर्षभर भरून काढणे हा मंडळाच्या निधीचा उत्तम उपयोग आहे.

दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो, आणि डिप्लोमानंतर पदवीच्याही दुसऱ्या वर्षाला. मुलींना अजून सर्रास कॉम्प्युटर ऑपरेटरचाच ट्रेड सुचवला जातो. तो वाईट नाही, पण तो एकच आहे असे सांगू नये. इलेक्ट्रिशियन झालेल्या मुलीला काम मिळते. तिची अडचण असते ती पहाटेच्या पाळीला घरापासून कारखान्याच्या बसपर्यंत जाण्याची, आणि ती शेजारपाजारच्यांनी सोडवण्यासारखी आहे.

ओळखीच्या कंपनीत चिकटवून देणाऱ्या सभासदांना एक विनंती. मुलाला गेटवर सोडण्याआधी विचारा की करार सरकारी अ‍ॅप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवला आहे का, त्यावर ट्रेडचे नाव काय आहे आणि मुदत किती आहे. कराराची प्रत मुलाकडे असावी. विद्यावेतन बँकेत जमा व्हावे. तोंडी ‘शिकाऊ’ म्हणून घेतलेला मुलगा कागदावर बहुधा हेल्परच असतो.