किती रेषा पुरेशा? टीव्हीच्या रिझोल्यूशनचा इतिहास आणि नव्या संचाचा प्रश्न

तुम्ही अभियांत्रिकीला किंवा विज्ञान शाखेला असाल, तर घरात नवा टीव्ही घ्यायची वेळ आली की एक फोन तुम्हाला येतोच. "अरे, फुल एचडी पुरेल की फोर-के घेऊ? दुकानदार म्हणतो, आता फोर-केच घ्या." विचारणारे काका असतील, मामी असतील, स्वतः वडील असतील. आपला मुलगा किंवा मुलगी हेच शिकते आहे, तिला माहीत असणार, असा त्यांचा विश्वास असतो. आणि बहुतेक वेळा आपण मोठा आकडा सांगून मोकळे होतो. मीही अनेकदा तसेच केले आहे. पैसे मात्र त्यांचे जातात, कधी महिन्याभराच्या कमाईइतके.

हा प्रश्न टीव्हीइतकाच जुना आहे. गेल्या नव्वद वर्षांत तो निदान पाच-सहा वेळा गंभीरपणे विचारला गेला. ज्यांनी त्याचे नीट उत्तर शोधले, त्यांनी सुरुवात पडद्यापासून केली नाही; बघणारा माणूस कुठे बसतो, इथून केली.

आधी डोळ्याचे गणित बघू, कारण पुढे ते वारंवार लागेल. निकोप डोळ्याला दोन बारीक रेषा वेगळ्या दिसायच्या असतील, तर त्यांच्यात डोळ्यापाशी साधारण एक मिनिटाचा, म्हणजे एका अंशाच्या ६०व्या भागाइतका कोन व्हावा लागतो. नेत्रतज्ज्ञाकडची ६/६ ची चाचणी याच मापावर उभी आहे. हा कोन सुमारे ०.०००२९ रेडियन. त्याचा व्यस्त घ्या : दोन रेषांमध्ये जेवढे अंतर, त्याच्या सुमारे ३,४४० पट लांब गेलात की त्या एकमेकींत मिसळतात. त्यापलीकडे पडद्यावर आणखी बारीक रेषा घातल्या, तरी डोळ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

जॉन लोगी बेअर्डने जानेवारी १९२६ मध्ये लंडनला दाखवलेल्या यंत्रात ३० रेषा होत्या. माणसाचा चेहरा ओळखू येई, एवढेच. पुढे ब्रिटिश सरकारने नेमलेल्या सेल्सडन समितीने १९३५ साली शिफारस केली की सार्वजनिक सेवा सुरू करायची तर ती 'हाय डेफिनिशन' असावी, आणि त्याचा अर्थ लावला किमान २४० रेषा! आज दुकानातल्या खोक्यावर हा शब्द वाचाल तेव्हा आठवा, की तो प्रत्येक पिढीने आपल्यापुरता नव्याने वापरला आहे. २ नोव्हेंबर १९३६ ला बीबीसीने अलेक्झांड्रा पॅलेसमधून प्रसारण सुरू केले, तेव्हा बेअर्डची २४० रेषांची आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेषांची अशा दोन पद्धती आळीपाळीने चालवल्या गेल्या. काही महिन्यांतच बेअर्डची पद्धत बाद झाली.

याच सुमारास अमेरिकेत आरसीए कंपनीतील एंगस्ट्रॉम या अभियंत्याने जो प्रयोग केला, तो मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. शेकडो रेषांचा चांगला टीव्ही तेव्हा अस्तित्वातच नव्हता. म्हणून त्याने सिनेमाच्या फिल्मवर वेगवेगळ्या संख्येच्या रेषांची चित्रे तयार केली, आणि किती अंतरावरून कोणते चित्र बघणाऱ्याला समाधानकारक वाटते हे तपासले. १९३३ साली ते प्रसिद्ध झाले. यंत्र बांधण्याआधीच यंत्राची गरज मोजण्याचा हा प्रकार होता. 'किती रेषा हव्यात' याचे उत्तर 'चित्र केवढे आणि माणूस किती लांब' हे ठरल्याशिवाय देताच येत नाही, हे त्यातून दिसले.

मग देशोदेशीचे आकडे ठरले. ब्रिटन ४०५, अमेरिका १९४१ पासून ५२५, युरोपात बहुतेक ठिकाणी ६२५. हे आकडे विचित्र वाटतात ना? अवयव पाडून बघा : ४०५ म्हणजे ३×३×३×३×५, ५२५ म्हणजे ३×५×५×७, आणि ६२५ म्हणजे ५×५×५×५. एकाआड एक रेषा रंगवण्याच्या इंटरलेस पद्धतीला एकूण रेषा विषम लागत, आणि त्या काळच्या निर्वात नळ्यांच्या परिपथांना लहान विषम संख्यांनीच भरवशाने भागाकार जमे. दुसरी गंमत : ५२५ गुणिले ३० म्हणजे सेकंदाला १५,७५० रेषा, आणि ६२५ गुणिले २५ म्हणजे १५,६२५. जवळजवळ सारखेच. युरोपातील वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला चित्रे २५. कमी चित्रांमुळे उरलेली जागा त्यांनी रेषांना दिली. भारताने पुढे घेतलेल्या ६२५ या आकड्यामागे असा हिशेब आहे.

फ्रान्सने मात्र वेगळी वाट धरली, आणि तुमच्या फोनवरच्या प्रश्नाला सर्वांत उपयोगी धडा तिथेच आहे. १९४८ साली फ्रेंच सरकारने ८१९ रेषांचे मानक ठरवले. आकड्यात ते जगातले सर्वांत वरचढ होते, आणि हेन्री द फ्रान्स हा अभियंता त्याचा मोठा पुरस्कर्ता होता. चित्र खरोखर चांगले होते. पण त्याला सुमारे १० मेगाहर्ट्झचा पट्टा लागे, म्हणजे ६२५ रेषांच्या साधारण दुप्पट. उपलब्ध लहरींमध्ये त्यामुळे कमी वाहिन्या मावत. शेजारच्या बेल्जियमने ८१९ रेषा घेतल्या खऱ्या, पण त्या ७ मेगाहर्ट्झच्या अरुंद वाहिनीत कोंबल्या. परिणाम असा की उभ्या दिशेने रेषा भरपूर, आणि आडव्या दिशेने तपशील पुसट. खोक्यावरचा आकडा ८१९, डोळ्यांपर्यंत पोहोचणारे चित्र त्याहून गरीब. १९६४ मध्ये फ्रान्सने दुसरी वाहिनी सुरू केली ती ६२५ रेषांवर. रंग आले तेही ६२५ वरच. आणि फ्रान्सची सेकाम ही रंगपद्धत त्याच हेन्री द फ्रान्सची. लोकांनी २०० रेषा सोडल्या आणि रंग घेतले. १९८० च्या दशकात ८१९ रेषांचे प्रसारण बंद झाले, तेव्हा त्याबद्दल हळहळणारे फार उरले नव्हते.

भारतात १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत प्रायोगिक प्रसारण सुरू झाले, ते थेट ६२५ रेषांवर. उशिरा सुरू केल्याचा एक फायदा : ब्रिटनला ४०५ चे ओझे १९८५ पर्यंत वाहावे लागले, आपल्याला नाही. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र आले. १९७५-७६ मध्ये 'साइट' या उपग्रह प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत सामुदायिक संच बसवले गेले. एका संचासमोर सारे गाव जमे. मागच्या रांगांत बसलेला माणूस तर रेषा वेगळ्या दिसण्याच्या अंतराच्या कितीतरी पलीकडे असणार. त्याच्यापुरते ६२५ काय आणि ४०५ काय, सारखेच. त्याला हवा होता आपल्या भाषेतला, आपल्या शेतीच्या कामाचा कार्यक्रम.

१९८२ साली रंग आले : १५ ऑगस्टचे प्रसारण, मग नोव्हेंबरमधील आशियाई खेळ. पद्धत पाल, रेषा त्याच ६२५. ही पद्धत जुन्या संचांना सांभाळून घेणारी होती, त्यामुळे रंगीत प्रसारण कृष्णधवल संचावरही दिसत राहिले आणि असंख्य घरांनी जुना संच पुढे कित्येक वर्षे चालवला. त्याच वर्षाच्या अखेरीस पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखाली दूरदर्शनच्या कार्यक्रमांचा विचार करण्यासाठी एक कार्यगट नेमला गेला. मनोरे, प्रक्षेपक आणि यंत्रे यांच्यामागे धावताना दाखवायचे काय याकडे दुर्लक्ष होते, हा त्यांच्या अहवालातील मोठा आक्षेप होता. तो घरातल्या खरेदीलाही लागू पडतो. त्याकडे पुढे येऊच.

आजच्या एचडीची मुळे जपानमध्ये आहेत. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर एनएचके या प्रसारण संस्थेने पुढच्या टीव्हीचा अभ्यास हाती घेतला. त्यांनी विचारले, प्रसंग आपल्यासमोर घडतो आहे असे वाटण्यासाठी चित्राने नजरेचा किती भाग व्यापावा? उत्तर साधारण ३० अंश आले. एवढा कोन मिळवायला चित्राच्या उंचीच्या तिप्पट अंतरावर बसावे लागते. आता आपले सूत्र लावा : ३,४४० भागिले ३, म्हणजे ११४७ च्या आसपास रेषा. एनएचकेने निवडल्या ११२५, आणि त्याचे अवयव पुन्हा ३×३×५×५×५! फुल एचडीच्या १०८० दृश्य रेषा याच घराण्यातल्या.

हीच रीत पुढे चालवली की फोर-के, म्हणजे २१६० रेषा, उंचीच्या सुमारे १.६ पट अंतरासाठी ठरतात, आणि एट-के, म्हणजे ४३२० रेषा, ०.८ पटीसाठी. नजरेचा कोन अनुक्रमे ३१, ५८ आणि ९६ अंश. इथे थोडे थांबा, कारण जाहिरात जे सांगत नाही ते इथेच आहे. तुमच्या नेहमीच्या खुर्चीतून तेच चित्र चौपट स्पष्ट दिसावे, यासाठी फोर-के आखलेलेच नाही. तुम्ही निम्म्या अंतरावर या किंवा दुप्पट मोठा पडदा घ्या, तरी ठिपके दिसणार नाहीत, एवढीच त्याची हमी. जागा आणि आकार तेच ठेवले, तर जादा पिक्सेल डोळ्याच्या हिशेबात येत नाहीत.

आता फोन करणाऱ्या काकांना दोन मोजमापे विचारा. ४३ इंची पडद्याची उंची सुमारे ५३.५ सेंटिमीटर असते. फुल एचडीत एक पिक्सेल अर्धा मिलिमीटर, म्हणजे १.७ मीटरच्या पलीकडे बसणाऱ्याला फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक जवळपास दिसणार नाही. ५५ इंचीसाठी हे अंतर २.२ मीटर, ६५ इंचीसाठी २.६ मीटर. आपल्याकडच्या बैठकीच्या खोलीत टीव्ही एका भिंतीवर आणि सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला असतो. तीन मीटर सहज भरतात. दुकानात मात्र आपण संचापासून हातभर अंतरावर उभे राहून निवड करतो, तेही खास तयार केलेली फुले आणि धबधबे बघून.

दुसरा प्रश्न, येणार काय आहे? जुन्या दर्जाच्या डिजिटल वाहिनीचे चित्र ७२० गुणिले ५७६ असते, म्हणजे ४,१४,७२० पिक्सेल. फोर-के पडद्यावर ८२,९४,४०० पिक्सेल. भागून बघा, नेमके २० येतात. म्हणजे दर २० पिक्सेलपैकी १९ संचाने अंदाजाने भरायचे. आमच्या घरी फोर-के संच आणला तेव्हा वडील आठवडाभर म्हणत होते, "जुन्यावर बरं दिसायचं." मी त्यांना नवीन तंत्रज्ञान समजावत बसलो. शेवटी लक्षात आले की ते बघत होते ती वाहिनी जुन्या दर्जाची होती आणि पडदा मोठा झाल्याने तिचे सगळे दोष मोठे झाले होते. त्याच वाहिनीची एचडी आवृत्ती पॅकेजमध्ये घेतली आणि तक्रार संपली. फोर-केचा त्यात काहीच वाटा नव्हता. इंटरनेटवरून येणाऱ्या चित्राचेही तेच. जोडणी मंद असेल तर फोर-के लिहिलेला प्रवाह दाबून दाबून पाठवला जातो आणि बेल्जियमच्या ८१९ रेषांची गोष्ट तुमच्या घरात घडते.

एक गोष्ट मात्र फोर-केच्या बाजूने सांगायलाच हवी. अनेक जण नवा संच बघून "काय स्पष्ट दिसतंय!" म्हणतात, ते खोटे बोलत नसतात. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने फोर-के आणि एट-केसाठी जे मानक आणले, त्यात पिक्सेलबरोबर रंगांची व्याप्तीही वाढवली. पुढे एचडीआर आले. उजेड आणि अंधार यांतला पल्ला मोठा झाला. हा फरक तीन मीटरवरूनच काय, पाच मीटरवरूनही दिसतो, कारण त्याला त्या एका मिनिटाच्या कोनाची अट नाही. फ्रेंच प्रेक्षकाने रेषा सोडून रंग निवडले, तीच ही निवड. पण स्वस्त संचांच्या खोक्यावर एचडीआर लिहिलेले असले, तरी पडद्याचा उजेड पुरेसा नसेल तर त्या अक्षरांना अर्थ नसतो. पिक्सेल मोजता येतात, म्हणून ते विकायला सोपे. उजेड कोणी मोजत नाही.

तेव्हा काकांना मी आज काय सांगेन? जुना संच चालू असेल, सोफा तीन मीटरवर असेल, पडदा ४३ इंचांच्या आतला असेल आणि घरात मुख्यतः डीटीएचवरच्या वाहिन्या बघितल्या जात असतील, तर केवळ रिझोल्यूशनसाठी संच बदलू नका. आधी एचडी वाहिन्या घ्या. संच बिघडलाच असेल आणि ५० इंचांच्या वरचा हवा असेल, तर प्रश्नच फारसा उरत नाही, कारण त्या आकारात बाजारात आता जवळजवळ सगळे फोर-केच मिळतात. मग उरलेले पैसे चांगल्या उजेडाच्या पडद्याला द्या. आणि एट-के? एनएचकेने १ डिसेंबर २०१८ ला त्याची वाहिनी सुरू केली. ६५ इंची संचावर त्याचा पूर्ण लाभ घ्यायचा, तर पडद्यापासून ६५ सेंटिमीटरवर बसावे लागेल.