खडकावरून आलेला बिनतिकिटाचा प्रवासी

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये नवा मासा सोडताना लोक दहादा विचार करतात. खडक किंवा गोगलगाय मात्र बिनधास्त टाकतात. गडबड तिथेच होते.

माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणारा एक परजीवी आहे, क्रिप्टोकॅरिऑन. जपानमध्ये सिकामा यांनी हा आजार १९३७ मध्ये नोंदवला, आणि १९५१ मध्ये ब्राउन यांनी परजीवीला हे नाव दिलं. मग १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत मांडली: समुद्रातलेच खडक, प्रवाळ, पाणी आणि हवेचे बुडबुडे, बस्स! आयडिया भन्नाटच. पुढे 'लाइव्ह रॉक' हा या छंदाचा पायाच झाला. पण खडकाबरोबर त्याला चिकटलेलं सगळंच घरात येऊ लागलं.

गंमत म्हणजे हा परजीवी खडकाला किंवा गोगलगायीला काहीच करत नाही, त्याला खायला मासाच लागतो. काही दिवस माशाच्या कातडीत राहतो, गळून पडतो, खडकाला नाहीतर शंखाला चिकटून भोवती कवच करतो. आत तो विभागत जातो आणि शेकडो पिल्लं बाहेर पडतात. कधी? कोलोर्नी आणि बर्जेस यांच्या १९९७ च्या लेखात ३ ते ७२ दिवस असा पल्ला दिलाय! म्हणजे आज आणलेला स्वच्छ शंख दोन महिन्यांनीही टँक रिकामा करू शकतो.

बरं, औषध? तांब्याने पोहणारी पिल्लं मरतात, पण कवचातली वाचतात, आणि गोगलगाय, कोळंबी, प्रवाळ मात्र जातात. म्हणून नवा खडक आधी सुमारे अडीच महिने बिनमाशांच्या टँकमध्ये ठेवायचा. बाहेर पडलेल्या पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही, की खेळ खल्लास. त्यासाठी महागडा सेटअप नको, एक टब, हीटर आणि पंप पुरतो.